विश्लेषण : दीर्घिका कशा घडतात हे सांगणारे ‘एक्स-रे डोळे’ म्हातारे का होत चालले आहेत?

ऑगस्ट २०२२ मध्ये नासाने समाजमाध्यमांवर एक छोटी ध्वनिफीत टाकली. घुमणारा, थोडा भीतीदायक, खूप लांबून आल्यासारखा आवाज. ‘ब्लॅक होलचा आवाज’ म्हणून ती जगभर फिरली. कुणाला त्यात भुतांचा चित्रपट आठवला, कुणाला समुद्राची गाज. मीम्सचाही पाऊस पडला.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मात्र मागे पडली. तो आवाज कुठल्याही मायक्रोफोनने टिपलेला नव्हता. तो एका एक्स-रे छायाचित्रातून तयार केला होता. ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर शेकडो दीर्घिकांचा, म्हणजे गॅलेक्सींचा, एक समूह आहे. त्यात भरलेल्या तप्त वायूत तळ्यातल्या तरंगांसारखे तरंग उठलेले आहेत. ‘चंद्रा’ या अंतराळ दुर्बिणीने ते टिपले आणि शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये जाहीर केले. मूळ लहर इतकी संथ आहे की तिचं एक आवर्तन पूर्ण व्हायला सुमारे एक कोटी वर्षं लागतात. पियानोच्या मधल्या सप्तकापेक्षा ती तब्बल ५७ सप्तकं खाली आहे. माणसाला ऐकू यावी म्हणून ती वर चढवावी लागली.

व्हायरल झालेल्या त्या आवाजात खगोलशास्त्रातल्या एका मोठ्या प्रश्नाचा धागा आहे. दीर्घिका घडतात कशा आणि एका टप्प्यावर त्यांची वाढ थांबते कशी? या उत्तराचा मोठा भाग फक्त एक्स-रेमध्ये दिसतो. अडचण अशी की तो पाहणाऱ्या दुर्बिणी मोजक्या आहेत, जुन्या होत आहेत आणि त्यांच्यावर बजेटची टांगती तलवार आहे.

दीर्घिकेचा हिशेब ताऱ्यांवर का संपत नाही?

दीर्घिका म्हटलं की डोळ्यांसमोर ताऱ्यांचं भिरभिरं येतं. हबल आणि जेम्स वेब या दुर्बिणींनी पाठवलेल्या सुंदर चित्रांत तेच दिसतं. पण तारे हा हिशेबातला छोटा आकडा आहे.

ययातीसारख्या समूहातले सगळे तारे तराजूच्या एका पारड्यात टाकले आणि दीर्घिकांच्या मधल्या जागेतला वायू दुसऱ्या पारड्यात टाकला, तर वायूचं पारडं कितीतरी पटींनी जड भरतं. डोळ्यांना न दिसणारं कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, या दोन्हींपेक्षा जास्त आहे. पण ज्या साध्या पदार्थापासून तारे, ग्रह आणि आपण बनलो, त्याचा विचार केला तर अशा समूहांतला बहुतांश माल ताऱ्यांत गेलेलाच नाही. तो वायूच्या रूपात बाहेर पडून आहे.

म्हणजे दीर्घिका कशी घडते हे विचारताना दोन प्रश्न येतात. कच्च्या मालातून तारे कसे बनले, हा पहिला. एवढा माल शिल्लक असताना बाकीचे तारे का बनले नाहीत, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर तो शिल्लक वायू दिसायला हवा.

जून २०२५ मध्ये याचं एक ताजं उदाहरण समोर आलं. युरोपच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ आणि जपानच्या ‘सुझाकू’ या एक्स-रे दुर्बिणींची निरीक्षणं एकत्र करून शास्त्रज्ञांनी चार दीर्घिकासमूहांना जोडणारा वायूचा एक प्रचंड धागा शोधला. त्याची लांबी सुमारे २.३ कोटी प्रकाशवर्षं आहे, तापमान एक कोटी अंशांहून जास्त आणि वस्तुमान आपल्या आकाशगंगेच्या दहापट. विश्वातला बराचसा साधा पदार्थ अशाच विरळ धाग्यांत विखुरलेला असावा, असं गणित कित्येक वर्षं सांगत होतं. त्या गणिताला हा भक्कम पुरावा मिळाला. विशेष म्हणजे सुझाकूचं काम २०१५ मध्येच थांबलं होतं. जपून ठेवलेली तिची निरीक्षणं दहा वर्षांनी उपयोगी पडली.

दवाखान्यातला एक्स-रे आणि आकाशातला एक्स-रे यांत फरक काय?

दवाखान्यात यंत्र आपल्यावर एक्स-रे सोडतं आणि हाडांची सावली पलीकडच्या पडद्यावर उमटते. खगोलशास्त्रात असं काही सोडावं लागत नाही. तिथे वस्तू स्वतःच एक्स-रे बाहेर टाकते.

तापलेलं लोखंड आधी लाल आणि मग पिवळसर-पांढरं दिसतं. पदार्थ जितका गरम, तितका त्याचा प्रकाश जास्त ऊर्जेचा. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांच्या आसपास आहे, म्हणून तो डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात चमकतो. दीर्घिकासमूहातला वायू काही कोटी अंशांवर असतो. त्यामुळे तो चमकतो एक्स-रेमध्ये. साध्या दुर्बिणीतून पाहिलं तर तिथे नुसता काळोख दिसतो.

दुसरी अडचण आपल्या डोक्यावरची आहे. पृथ्वीचं वातावरण अंतराळातून येणारे एक्स-रे शोषून घेतं. आपल्या तब्येतीसाठी हे चांगलं, शास्त्रज्ञांसाठी गैरसोयीचं. डोंगरावर कितीही मोठी दुर्बीण बांधली तरी उपयोग नाही, उपकरण वरच पाठवावं लागतं. जून १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेटमधून असं उपकरण पाठवलं. काही मिनिटांच्या त्या उड्डाणात सूर्यमालेबाहेरचा पहिला एक्स-रे स्रोत वृश्चिक राशीच्या दिशेला सापडला. या कामासाठी जियाकोनी यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं.

वायू थंड व्हायला हवा होता, मग झाला का नाही?

गरम वायू एक्स-रे बाहेर टाकतो, म्हणजे ऊर्जा गमावतो. चहाच्या कपासारखा तो हळूहळू निवायला हवा. समूहाच्या मध्यभागी वायू दाट असल्यामुळे तिथे हे लवकर घडायला हवं. निवलेला वायू मधल्या मोठ्या दीर्घिकेत कोसळेल आणि त्यातून तारे जन्मतील, असं साधं गणित होतं. या गणिताने काही समूहांच्या केंद्रात दरवर्षी शेकडो सूर्यांइतके नवे तारे बनायला हवे होते. तुलनेसाठी, आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांइतकेच तारे बनतात.

प्रत्यक्षात बहुतेक समूहांच्या मध्यभागी त्या मानाने अगदी कमी तारे बनताना दिसतात. १९९९ मध्ये चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन अवकाशात गेल्या. त्यांनी केंद्राजवळचा वायू तपासला, तेव्हा अपेक्षेइतका थंड वायू तिथे मिळालाच नाही. काहीतरी त्याला सतत ऊब देत होतं.

ती शेगडी चंद्राच्या चित्रांत दिसली. मधल्या दीर्घिकेच्या पोटात सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. थोडा वायू त्याच्याकडे ओढला जातो, पण सगळाच आत पडत नाही. काही भाग प्रचंड वेगाच्या झोतांतून दोन बाजूंना फेकला जातो. हे झोत भोवतालच्या वायूत मोठमोठे बुडबुडे फुगवतात. बुडबुडे फुगताना लाटा उठतात आणि त्यांची ऊर्जा वायूत मुरते. व्हायरल झालेला तो ‘आवाज’ म्हणजे याच लाटा.

घरातला गिझर जसा चालतो, तसं हे चक्र आहे. वायू निवला की कृष्णविवराला खाद्य मिळतं आणि झोत सुरू होतात. वायू तापला की खाद्य तुटतं आणि झोत मंदावतात. पुन्हा वायू निवला की पुन्हा सुरुवात. मोठ्या दीर्घिका एका मर्यादेपलीकडे का वाढत नाहीत, याचं आज सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण हेच आहे. झोतांची ऊर्जा चारही बाजूंच्या वायूत नेमकी कशी पसरते, यावर मात्र अजून वाद आहे.

लोखंडाने कोणता पुरावा दिला?

वायूत फक्त हायड्रोजन आणि हेलियम नसतो. ताऱ्यांच्या स्फोटांतून बाहेर पडलेलं लोखंड, सिलिकॉन, गंधकही त्यात मिसळलेलं असतं. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे एक्स-रे देतं, त्यामुळे कुठे काय किती आहे हे मोजता येतं.

२०१३ मध्ये सुझाकूच्या निरीक्षणांतून ययाती समूहात लोखंड जवळजवळ एकसारखं पसरलेलं आढळलं, अगदी समूहाच्या कडेपर्यंत. लोखंड समूह तयार झाल्यानंतर बाहेर पडलं असतं तर ते दीर्घिकांच्या आसपास जास्त आणि लांब कमी दिसलं असतं. ते सगळीकडे सारखं आहे, म्हणजे समूह जमण्याच्या आधीच, दहा अब्ज वर्षांपूर्वी, कोवळ्या दीर्घिकांनी ते बाहेर फेकलं होतं. ज्या दीर्घिकांचं तेव्हाचं रूप आता कुणालाच पाहता येणार नाही, त्यांनी मागे ठेवलेली ही खूण आहे.

खोडदच्या दुर्बिणीचा यात काय संबंध?

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्या अनेकांना माहीत असतात. एका मोठ्या शोधात तिचा वाटा होता.

भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर एक दीर्घिकासमूह आहे. त्याच्या वायूत एक विचित्र वक्र कड आहे, हे चंद्राच्या चित्रांत २०१६ मध्ये दिसलं होतं. ती कड एखाद्या महाकाय बुडबुड्याची असेल, तर तो फुगवायला लागणारी ऊर्जा अविश्वसनीय होती. त्यामुळे ती शक्यता आधी बाजूला ठेवली गेली.

२०२० मध्ये रेडिओ निरीक्षणांनी चित्र पालटलं. ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए आणि खोडदच्या जीएमआरटीच्या नोंदींत दिसलं की एक्स-रेमध्ये जिथे पोकळी आहे, नेमका तोच भाग रेडिओ लहरींनी भरलेला आहे. तो बुडबुडाच होता. शेजारीशेजारी ठेवल्या तर त्यात आपल्यासारख्या १५ आकाशगंगा मावतील एवढा. तोवरच्या विक्रमी उद्रेकाच्या सुमारे पाचपट ऊर्जा त्यात लागली होती.

एक्स-रे दुर्बिणीला फक्त खड्डा दिसला, रेडिओ दुर्बिणीला त्यातला ऐवज. दोन्ही एकत्र आल्यावरच कोडं सुटलं. यातली एक दुर्बीण बंद पडली तर दुसरीची नजरही अपुरी पडते.

आपली आकाशगंगाही यातून गेली आहे का?

तशी चिन्हं आहेत. २०१९ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘ई-रोसिटा’ या जर्मन एक्स-रे दुर्बिणीने संपूर्ण आकाशाचा नकाशा बनवायला घेतला. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या नकाशात आकाशगंगेच्या प्रतलाच्या वर आणि खाली दोन भलेमोठे फुगे दिसले. प्रत्येकाची उंची सुमारे ४५ हजार प्रकाशवर्षं. कधीतरी आकाशगंगेच्या केंद्रातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडल्याची ही खूण मानली जाते. ती तिथल्या कृष्णविवरातून आली की एकाच काळात जन्मलेल्या असंख्य ताऱ्यांतून, हे अजून ठरायचं आहे.

आधी काय, कृष्णविवर की दीर्घिका?

अंडं आधी की कोंबडी, असाच हा प्रश्न आहे. आज आपल्या आसपासच्या दीर्घिकांत कृष्णविवराचं वस्तुमान ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या साधारण हजाराव्या भागाइतकं असतं. सुरुवातीलाही असंच होतं का?

नोव्हेंबर २०२३ मध्ये यूएचझेड-१ या दीर्घिकेने वेगळं उत्तर सुचवलं. महास्फोटानंतर अवघ्या ४७ कोटी वर्षांनी ती जशी होती, तशी ती आपल्याला दिसते. जेम्स वेबने ही दीर्घिका शोधली, तर चंद्राने जवळपास दोन आठवडे तिच्याकडे रोखून पाहिल्यावर तिथल्या तप्त वायूचे एक्स-रे मिळाले. त्यावरून आत एक ते दहा कोटी सूर्यांइतकं कृष्णविवर असावं, असा अंदाज निघाला. म्हणजे दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांच्या तोडीचं. भारतात वाढलेल्या आणि येल विद्यापीठात संशोधन करणाऱ्या प्रियंवदा नटराजन यांनी अशा ‘वजनदार’ कृष्णविवरांच्या दीर्घिका सापडू शकतात, असं भाकीत २०१७ मध्येच मांडलं होतं. त्यांच्या मते अशी कृष्णविवरं ताऱ्याच्या मृत्यूतून न जन्मता थेट वायूचा प्रचंड ढग कोसळून तयार झाली असावीत.

एका उदाहरणाने सिद्धांत पक्का होत नाही. पण जेम्स वेब आता अशा अनेक संशयित दीर्घिका शोधतेय. त्यातल्या ‘छोट्या लाल ठिपक्यां’वरून तर मोठी चर्चा सुरू आहे, कारण बहुतेकांमधून अपेक्षित एक्स-रे येतच नाहीत. तिथे खरंच कृष्णविवरं आहेत का आणि असतील तर ती किती जड, हे तपासायला इतकी बारीक नजर असलेली एक्स-रे दुर्बीण सध्या एकच आहे.

मग अडचण कुठे आहे?

ती एकुलती दुर्बीण म्हणजे चंद्रा. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या भारतात वाढलेल्या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं आहे. जुलै १९९९ मध्ये ती गेली तेव्हा तिचं नियोजित आयुष्य पाच वर्षांचं होतं. पंचवीस वर्षं उलटूनही ती काम करतेय. तिची कक्षा तिला चंद्राच्या अंतराच्या एक तृतीयांशापर्यंत लांब नेते. त्यामुळे हबलसारखी अंतराळवीर पाठवून दुरुस्ती शक्य नाही. तिचं उष्णतारोधक आवरण झिजल्यामुळे दुर्बीण तापते आणि निरीक्षणांचं वेळापत्रक आखणं किचकट झालं आहे.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारच्या बजेट प्रस्तावात चंद्राचा वार्षिक खर्च सुमारे ६.८ कोटी डॉलरवरून ४.१ कोटींवर आणायची आणि पुढे आणखी कापायची सूचना होती. शास्त्रज्ञांनी ‘चंद्रा वाचवा’ मोहीम सुरू केली. नासानेच नेमलेल्या समितीने निष्कर्ष काढला की एवढ्या कमी पैशांत चंद्रा चालवता येणार नाही, ती बंदच करावी लागेल. २०२५ मध्ये नासाचा सगळा विज्ञान-खर्चच जवळपास निम्मा करण्याचा प्रस्ताव आला. त्याला अमेरिकी संसदेत दोन्ही पक्षांतून विरोध झाला.

बाकीच्या दुर्बिणींचीही स्थिती फार बरी नाही. ई-रोसिटा रशियन यानावर बसवलेली आहे. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, फेब्रुवारी २०२२ मध्ये जर्मनीने ती थांबवली. आठ वेळा आकाश पाहायचं ठरलं होतं, त्यातलं निम्मंच काम झालं होतं. तरीही पहिल्या सहा महिन्यांच्या, निम्म्या आकाशाच्या नोंदींतच सुमारे नऊ लाख एक्स-रे स्रोत निघाले.

जपानची कहाणी जिद्दीची आहे. एक्स-रेची ऊर्जा अतिशय काटेकोर मोजणारं, जवळपास निरपेक्ष शून्यापर्यंत थंड केलेलं उपकरण त्यांना अवकाशात चालवायचं होतं. २००० मध्ये प्रक्षेपणच फसलं. २००५ मध्ये सुझाकूवरचं उपकरण थंड ठेवणारा हेलियम काही आठवड्यांत उडून गेला. २०१६ मध्ये ‘हितोमी’ महिनाभरातच निकामी झाली, पण त्याआधी तिने ययातीतला वायू सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर वेगाने घुसळतोय, हे मोजलं. उद्रेक करणाऱ्या कृष्णविवराच्या शेजारी हा वेग अपेक्षेपेक्षा शांत होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘क्रिझम’ गेली आणि उपकरण अखेर नीट चाललं. फक्त त्याच्यासमोरची एक झडप उघडली नाही. त्यामुळे कमी ऊर्जेचे एक्स-रे आत येत नाहीत आणि त्यांतून कळणारी ऑक्सिजनसारख्या मूलद्रव्यांची माहिती हातची जाते. उरलेल्या खिडकीतूनही तिने मोलाचं काम केलं. नरतुरंग समूहाच्या मध्यभागी वायू भांड्यातल्या पाण्यासारखा हिंदकळतोय, हे तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये दाखवून दिलं. अशा हिंदकळण्याने उष्णता पसरत असेल, तर गिझरच्या कोड्यातला एक तुकडा जागेवर बसतो.

जुनी दुर्बीण बंद करून पैसे वाचवले तर बिघडलं काय?

हा प्रश्न गैर नाही. पैसा मर्यादित आहे आणि जुन्या यंत्रांवर खर्च करत राहिलं तर नवी बनणार कशी, असा युक्तिवाद होतो. चंद्राने ठरलेल्या कामाच्या कितीतरी पट काम केलं आहे, हेही खरं.

पण जुनं बंद करताना नवं हाताशी असायला हवं. नासाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ॲक्सिस’ या एक्स-रे मोहिमेची आणि ‘प्रिमा’ या अवरक्त मोहिमेची प्राथमिक निवड केली. दोन्हींतली एकच पुढे जाणार आणि तिचं उड्डाण लवकरात लवकर २०३२ मध्ये, असं तेव्हा ठरलं. युरोपच्या ‘न्यू-अथेना’चं उद्दिष्ट २०३७ च्या आसपासचं आहे. चंद्रा आधीच थांबवली तर मधली काही वर्षं बारीक एक्स-रे चित्रं काढणारं कुणीच नसेल. जेम्स वेबचं आयुष्यही मर्यादित आहे. दोघींनी मिळून पाहायच्या वस्तू एकट्या वेबला पाहाव्या लागतील.

खर्चाचा अंदाज यायला एक तुलना पुरेशी आहे. जेम्स वेबवर सुमारे दहा अब्ज डॉलर खर्च झाले. चंद्राचा वर्षाचा खर्च त्याच्या एका टक्क्याहूनही कमी आहे.

भारत यात कुठे आहे?

मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका आणि इतर संस्थांच्या साथीने इस्रोने घडवलेली ‘ॲस्ट्रोसॅट’ सप्टेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेली. पाच वर्षांसाठी बनवलेल्या या वेधशाळेने दहा वर्षं पूर्ण केली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ‘एक्स्पोसॅट’ गेली. या दोन्हींची खासियत तेजस्वी स्रोतांचा अभ्यास ही आहे. ययातीतले तरंग दिसतील इतकी बारीक चित्रं काढणारी एक्स-रे दुर्बीण भारताकडे नाही.

त्यामुळे चंद्राचं भवितव्य हा फक्त अमेरिकेचा घरगुती प्रश्न राहत नाही. तिच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर जगातल्या कुणालाही फुकट मिळतात. पुण्यातला किंवा मुंबईतला विद्यार्थी खोडदची रेडिओ निरीक्षणं आणि चंद्राची एक्स-रे चित्रं शेजारीशेजारी ठेवून संशोधन करू शकतो. भुजंगधारीतला बुडबुडा असाच सापडला.

जुनी निरीक्षणं संग्रहात राहतील आणि सुझाकूच्या नोंदींसारखी पुढेही उपयोगी पडतील. पण जेम्स वेब उद्या जी नवी दीर्घिका शोधेल, तिचं एक्स-रे चित्र कुठल्याही संग्रहात नसेल. ते काढायला वर एखादी दुर्बीण चालू असावी लागेल.